तज्ज्ञ नेमले, पण उशिरा

राज्य संरक्षित अशा एका किल्ल्याच्या तटबंदीचं काम सरकारी निधीतून निघालं, आणि मार्गदर्शक तज्ज्ञ शोधायची जबाबदारी माझ्यावर आली. मी इतिहासाची प्राध्यापिका, समितीवर अशासकीय सदस्य. किल्ल्यांवर बोलणारी बरीच मंडळी ओळखीची, त्यामुळे नावं झटपट सुचली: एक संशोधक, एक वास्तुविशारद बाई, एक निवृत्त अभियंता. तिघांचीही व्याख्यानं मी ऐकली होती. त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिलेली एखादी भिंत मात्र जाऊन पाहिली नव्हती, आणि पाहावी असं वाटलंही नाही.

तरी माणसं वाईट निघाली असं नाही. घोटाळा वेळेचा झाला. आधी अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश असा सरकारी कामाचा क्रम. मी तज्ज्ञांना बोलावलं ते कार्यारंभ आदेश निघाल्यावर. वास्तुविशारद बाईंनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "यात चुन्याच्या बाबी कुठे आहेत?" नव्हत्याच. पॉइंटिंग सिमेंटचं धरलेलं होतं, ठेकेदाराने दर सिमेंटचा भरला होता आणि सगळ्यात कमी दर म्हणून काम त्याला मिळालं होतं. आता त्याच्याकडे चुना कोणत्या तोंडाने मागायचा?

सिमेंट का नको, हे मी वर्गात शिकवत आले होते. आपला काळा दगड पाणी फारसं पीत नाही, पण तटाच्या पोटातला भराव पावसाळाभर पितो. ते पाणी सांध्यांतल्या चुन्यातून हळूहळू बाहेर पडतं. सिमेंटने सांधे बंद केले की ते आत कोंडतं, सिमेंटमधले क्षार त्यात उतरतात, दगडाच्या कडा फुटू लागतात आणि कधी अख्खा तट पोट काढतो. इतकं ठाऊक असून अंदाजपत्रक मात्र मी मंजूर होण्याआधी वाचलं नव्हतं. आकड्यांचे कागद अभियंत्यांचे, अशी माझी समजूत.

दुसरं मानधनाचं. वारशाचं काम आहे, पैसे कोण मागणार, असं धरून मी तो रकाना कोरा ठेवला. मंडळी सुरुवातीला स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या पेट्रोलवर आली. पुढे फोनवर सल्ला देऊ लागली आणि मग फोनही उचलेनाशी झाली. मला राग आला होता. (मी स्वतः मात्र समितीच्या बैठकीचा प्रवासभत्ता घेत होते!)

सगळ्यात जास्त लागलं ते आण्णांचं. देवळं आणि वाडे चुन्यात दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला हा गवंडी. तज्ज्ञांच्या यादीत त्यांचं नाव घालायला गेले, तर शैक्षणिक अर्हतेपाशी गाडं अडलं. मी वाद घातला नाही. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांसाठी 2014 साली आलेलं राष्ट्रीय संवर्धन धोरण पारंपरिक कारागिरांच्या ज्ञानाला महत्त्व देतं. आमचा किल्ला केंद्राचा नसला तरी ते बैठकीत दाखवता आलं असतं. आण्णा ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर लागले.

बऱ्याच पत्रव्यवहारानंतर तटाचा एक तुकडा चुन्यात करायचं ठरलं. चुना आला तो पिशव्यांतल्या भुकटीचा, आला त्याच दिवशी कालवला. आण्णांनी बोटावर घेऊन चोळला. "मॅडम, ह्यो मुरलाच न्हाई." कळीचा चुना पाण्यात विरवायचा, बरेच दिवस मुरू द्यायचा, सुरखीबरोबर घाणीत मळायचा, गुळाचं, बेलफळाचं, हिरड्याचं पाणी घालायचं, हे सगळं त्यांच्या हाताला पाठ. भरल्यावरही चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, तोवर त्यावर ओलं गोणपाट हवं. पण निधी मार्चअखेर खर्ची पडला नाही तर परत जाणार होता. मी आण्णांना म्हटलं, "एवढं चालवून घ्या." त्यांनी चालवून घेतलं. पहिल्याच पावसाळ्यात तो चुना धुऊन गेला आणि "बघा, सिमेंटच बरं" म्हणायला लोक मोकळे झाले.

जुलै 2025मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हापासून यादीबाहेरच्या किल्ल्यांसाठीही तज्ज्ञ सुचवा म्हणून मला फोन येतात. नावं देण्याआधी मी विचारते, अंदाजपत्रक झालंय का? झालं असेल तर आधी ते फिरवून घ्या म्हणते. निविदेतच अट घाला, की मार्गदर्शकाने नमुन्याचा तुकडा पास केल्याशिवाय बिल निघणार नाही. मानधन आणि प्रवासखर्च लेखी ठरवा. आणि गवंडी निवडताना त्याचं प्रमाणपत्र राहू द्या, चार पावसाळे काढलेलं त्याचं काम स्वतः जाऊन बघा. तुमच्या जिल्ह्यात असं काम निघत असेल तर एवढं कराच. आमच्या तटातलं सिमेंट काढायला आता वेगळं अंदाजपत्रक लागणार आहे, आणि ते अजून मंजूर झालेलं नाही.