डोक्याला शॉट!

पहिल्यावहिल्या ऑटोक्रॉससाठी नाव दिलं आणि वीकेंडला विसरवाडीला मामाकडे गेले. घर धुळे-सुरत हायवेजवळच. मामाने लगेच स्वतःचं आयएसआयवालं हेल्मेट पुढे केलं. "घे की हेच. उगाच खर्च कशाला?"

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण गोम त्या मार्कातच आहे. आयएस ४१५१ हे मानक दुचाकीवाल्यांसाठी. बाइकवाला गाडीवरून फेकला जातो. रेसर मात्र पट्ट्यांनी सीटला जखडलेला. डोकं आपटतं ते गाडीतल्या लोखंडी रोल केजवर. वर आगीची भीती. म्हणून हेल्मेटमध्ये 'स्नेल एसए'चं लेबल शोधायचं. त्याचं अस्तर आगीला दाद देत नाही. 'एम' असेल तर ते मोटरसायकलचं, तिथे आगीची चाचणीच नसते! १९५६ मध्ये पीट स्नेल हा अमेरिकन रेसर शर्यतीत गेला, हेल्मेट असूनही. १९५७ मध्ये त्याच्या नावाने ही संस्था निघाली.

मामीने शिवणाची टेप काढली. भुवयांच्या वरून घेर ५६ सेंटिमीटर. गाल दाबले जायलाच हवेत बरं का, सैल हेल्मेट म्हणजे नुसती टोपी.

तेवढ्यात मामी बोलून गेली, "पावसाळ्यात हे घसरले तेव्हा डोक्यात हेच होतं ना?" आतला थर्माकोल एकदा दबला की संपला, बाहेरून कितीही चकाचक दिसो. मामाला सांगितलं, तर हसला.

मग काय, एकाऐवजी दोन हेल्मेटं घेतली. जुनं मामाने टाकलेलं नाही. मामी त्यात कांदे ठेवते.