गाळ राखून ठेवा

५ जुलै, ॲडलेड
येताना कूपर्स पेल एलच्या सहा बाटल्या आणल्या. मुद्दाम पेल. लाल लेबलच्या स्पार्कलिंगमध्ये अल्कोहोल ५.८ टक्के, हिच्यात ४.५, अल्कोहोल चढं असलं की तळाचं यीस्ट दमलेलं असतं. दुकानात मागच्या बाटल्या उपसून ताज्या तारखेच्या निवडल्या. इथली माणसं ओतण्याआधी बाटली टेबलावर लोळवतात, गाळ बिअरमध्ये मिसळावा म्हणून. मला नेमका तो गाळच हवाय, त्यातलं यीस्ट वाढवून घरी बिअर करायला. सगळ्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवल्या.

७ जुलै
‘दुकानात पाकीट मिळतं ना रे?’ इति बायको. मिळतं, पण हे यीस्ट नाही मिळत. कूपर्सच्याच किटच्या झाकणाखालचं पाकीटसुद्धा वेगळ्या वाणाचं असतं. अर्थात, दिसला गाळ की केला गोळा, असंही चालत नाही. बऱ्याच जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये मूळ यीस्ट काढून बाटलीपुरतं लागर यीस्ट घालतात. ते वाढवलं तर मेहनत फुकट. कूपर्स मात्र पिंपात आणि बाटलीत एकच वाण वापरतात.

बाटली उघडून तिचं तोंड गॅसच्या ज्योतीवर फिरवलं. बिअर धार न तोडता पेल्यात ओतली (ती वाया जाते असा कुणाचा गैरसमज नको) आणि तळाची बोटभर ठेवली. असा तीन बाटल्यांचा गाळ एका चंबूत. त्यावर वॉर्ट: लिटरला ५० ग्रॅम सुकं माल्ट, उकळून गार केलेलं, घनता साधारण १.०२०. पहिला घास पातळच बरा. तोंडावर सैलसर फॉइल.

९ जुलै
ढिम्म. रात्री घरात थंडी असते, म्हणून चंबू हीटरजवळच्या कपाटात हलवला. फोनवर आईला म्हटलं, ‘विरजण लागत नाहीये.’ तिनं लगेच विचारलं, ‘दूध कुठलं?’ विषय बदलला.

कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. त्या काळच्या एका बाटलीतलं यीस्ट जागवून कार्ल्सबर्गवाल्यांनी २०१६ मध्ये बिअर गाळली. माझी बाटली तर याच वर्षातली आहे. थांबू.

१० जुलै
काचेच्या कडेनं बारीक बुडबुडे. हलवलं तर वर फेसाची साय, तळाशी सायीच्याच रंगाचा थर. हुंगलं: ताजा पाव, मागून पिकलेलं पेअर. व्हिनेगरचा वास आला असता तर थेट सिंकमध्ये. इथे दयामाया नाही. आणखी पाव लिटर वॉर्ट घातलं, या खेपेला १.०४० चं.

१४ जुलै
मधे एकदा लिटरभरावर नेलं, मग फ्रिजमध्ये बसवलं. आज वरचं पाणी चाखलं. सपक, कडवटपणा नाही, पण स्वच्छ. ते ओतून दिलं आणि थर वीस लिटरच्या पिंपात सोडला. तापमान १८. हे यीस्ट उबेत केळ्याचा वास सोडतं. कुणाला आवडतो, मला नाही.

चमचाभर थर उकळलेल्या बरणीत काढून ठेवलाय. पुढच्या दोन-चार खेपा त्यावर निघतील. चव सरकायला लागली की पुन्हा बाटल्या आणायच्या, त्याला माझी ना नाही.