कोकिहालाच्या घाटात

कॅनडात व्हँकुव्हरजवळ बर्नबी डोंगरावर सायमन फ्रेझर विद्यापीठ आहे. त्याच्या ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. सहा डिसेंबरला कामलूप्सहून तेथे अभिवादनाला यायचे, तर जवळची वाट कोकिहाला घाटाची. उंची १२४४ मीटर, आणि बर्फ नुसता कोसळत असतो.

या घाटात १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. खाच किमान साडेतीन मिलिमीटर. नवखे विचारतात, टायर नवेकोरे असताना हा खर्च कशाला? पण पारा ७ अंशांखाली गेला की साधे रबर कडक होते आणि पकड सुटते. घेताना टायरच्या कडेवर डोंगर आणि हिमकणाची खूण पाहावी. नुसत्या ‘एम-एस’ अक्षरांवर कायदा भागतो, बर्फ भागत नाही! टायर चारही बदलावेत. दोनच बदलून पैसे वाचवणारे असतात. वळणावर त्यांची गाडी मागून फिरते, आणि मागे तर मुले झोपलेली असतात.

पुलावर बर्फ आधी धरतो. तेथे पोहोचण्यापूर्वीच वेग उतरवावा, वर ब्रेक दाबू नये. गाडीत ब्लँकेट आणि फावडे असावे. घाट बंद झालाच, तर सरळ मेरिटला मुक्काम करावा.