एअर काढणे

आमच्या गावाकडच्या जुन्या महिंद्रा जीपमध्ये कसलंच इलेक्ट्रॉनिक डोकं नाही. डिझेल फिल्टर बदलला की पाइपात हवा शिरते. मेकॅनिक म्हणतात, गाडीने एअर धरली. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. धार लागली की स्क्रू आवळायचा.

ऑफिसात मी लॉग वाचून बिघाड शोधतो. बाबा कानाने शोधायचे. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. गिअर टाकून क्लच सोडताना खालून ‘टक्’ आवाज आला, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला असेल, हे आता मी त्यांना सांगतो.

मग चाकांना दगड लावून, गाडी न्यूट्रल करून बाबा खाली सरकतात. शाफ्ट हाताने दोन्हीकडे पिळून बघतात. नुसतं ग्रीस भरून भागेल की क्रॉसच बदलायचा, हे त्यांच्या मनगटाला कळतं. मला अजून कळत नाही.

काका म्हणतात, जीप विकून टाका. मी म्हटलं, मला कळायला लागेपर्यंत थांबा.