आजची इच्छा

आमच्या महाड-पोलादपूरकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हा मोठा रिवाज. बिस्किटांचा पुडा, दोन मोसंबी आणि उंबऱ्यातच उतरवलेला चेहरा. मग उशाशी बसून सुनेला विचारायचं, "जेवतात का? झोप लागते का?" ज्याचं पोट, ज्याची झोप, तो तिथंच पडून ऐकत असतो.

परळच्या टाटा रुग्णालयातून आत्याला पोलादपूरला घरी आणलं. पोटातला कर्करोग आता हटणार नव्हता. पण दुखणं हटवता येत होतं. मॉर्फिनच्या गोळ्या घड्याळ लावून द्यायच्या. दुखू लागल्यावर नव्हे, दुखण्याच्या आधी. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्सबाईंनी 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजाऱ्यांचं शुश्रूषागृह, उघडलं, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता, आणि वेदना शरीराइतकीच मनाची, माणसांची, श्रद्धेचीही असते हेही त्यांनी ठासून सांगितलं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 चं, त्याच वाटेनं गेलेलं. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मात्र मॉर्फिनच आपल्याकडे दुर्मीळ करून टाकलं. 2014 च्या दुरुस्तीनं वाट मोकळी केली, तरी गावात गोळीचं नाव काढलं की "सवय लागेल हो" म्हणणारं कुणीतरी निघतंच. वेदनेनं तळमळणाऱ्याला सवयीची भीती घालणं मला क्रूरपणाचं वाटतं.

दुखणं थांबलं तशी आत्या आत्यासारखी बोलू लागली. सगळे तिला शेवटची इच्छा विचारत होते. आजची कुणीच विचारली नव्हती. विचारली तेव्हा ती म्हणाली, "वाल झोडून झालं का? बियाणं मी निवडनार."

महाडला वीरेश्वराच्या छबिन्याची गडबड चाललेली, ते हे दिवस. भातानंतर ओलीवर पेरलेले वाल नुकतेच घरात आलेले. उशी पाठीला लावून तिला बसवलं, सूप मांडीवर दिलं. बोटं हाडकलेली, पण दाणा चिमटीत धरला की कळायचं: भरलेला इकडे, सुरकुतलेला आमटीला, टोकलेला कोंबड्यांना. दहा मिनिटांत दमायची, आडवी व्हायची, पुन्हा सूप मागायची. दाराशी आलेल्या शेजारणी चेहरा पाडायचं विसरून बियाण्याला राखेचे किती थर द्यावेत, यावर तिच्याशी हुज्जत घालू लागल्या.

मीही तिच्याबरोबर निवडायला बसलो. माझ्या ढिगातून तिनं एक दाणा उचलला, उजेडात धरला.

"ह्याला भोक हाय. डोळं कुठं हाईत तुझं? वत समदं परत सुपात."