पोकळ भिंतीवरचं कपाट

पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या जुन्या घरांत कपाट टांगायची वेळ सहसा यायचीच नाही. मातीच्या नाहीतर दगडविटांच्या जाडजूड भिंती. त्यांतच कोनाडा, त्यांतच फडताळ. आता घर मागे वाढवायचं म्हटलं की सिमेंटचे पोकळ ठोकळे येतात. आदिलाबादला आमच्या आईचं स्वयंपाकघर असंच आहे.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ओट्याखालचे डबे तिला वाकून काढता येत नाहीत. म्हणून भिंतीवर ३ फूट लांबीचं कपाट करायचं ठरलं. पण बाबा आता नाहीत आणि मी नोकरीसाठी हैदराबादला, सुमारे ३०० किलोमीटरवर. कपाट तिच्या डोक्याशी राहणार आणि घरात ती एकटी. एखादा स्क्रू सैल झाला, तर बघणार कोण?

सुतार म्हणाला, “ताई, चार गिट्ट्या मारतो, होऊन जाईल.” भरीव भिंतीत ते चालतंही. पण पोकळ ठोकळ्याचं बाहेरचं कवच जेमतेम इंच-दीड इंचाचं असतं. बारीक बिटाने एक भोक पाडून पाहिलं. आधी भुकटी आली, मग बिट एकदम आत गेलं. अशा जागी गिट्टीला धरायला फारसं काही नसतं, आणि फुगणारा अँकर जास्त आवळला तर कवचच तडकतं.

बी.ई.ला शिकलेलं थोडं कामी आलं. कपाट २० किलो, भरलेले डबे ४० किलो, एकूण ६० किलो. कपाट १ फूट खोल, म्हणजे भार भिंतीपासून साधारण ६ इंचांवर. त्यामुळे कपाट नुसतं खाली ओढत नाही. खालची कड भिंतीवर दाबली जाते आणि वरची बाजू बाहेर येऊ पाहते. २ फूट उंचीच्या कपाटात वरच्या बोल्टांवर हा बाहेरचा ओढा सुमारे १७ किलो येतो. गिट्टी हळूहळू सुटते ती याच ओढ्याने.

पोकळ ठोकळा म्हणजे कच्चा ठोकळा नव्हे. छपराचा भार तो नीट पेलतो, फक्त एकाच टिचभर जागेवर ओढ पडलेली त्याला चालत नाही. म्हणून भार वाटून दिला. ३ फुटांची सागवानी पट्टी घेतली आणि तिची वरची कड ४५ अंशांत तिरकी कापली. विजेच्या बोर्डाच्या वरची-खालची जागा सोडून ४ भोकं आरपार पाडली. कवचाची कपची उडू नये म्हणून मशीनचा हातोडा बंद ठेवला. भिंतीपलीकडे व्हरांडा आहे. तिथे रेड ऑक्साइड लावलेली लोखंडी पट्टी ठेवून बोल्ट आवळले, तेही बेतानेच. दुसरी तिरकी पट्टी कपाटाच्या मागे बसवली. तिचे स्क्रू पाठीच्या पातळ प्लायमध्ये नाही, बाजूच्या जाड फळ्यांत घेतले. मग कपाट उचलून पट्टीत पट्टी अडकवली.

उंची कॅटलॉग पाहून ठरवली नाही. आईला ओट्याशी उभं केलं, हात सहज पोचेल तिथे पेन्सिलने खूण करायला सांगितली. खालचा कप्पा तिथे आला.

ऑफिसात आम्ही लोड टेस्टिंग करतो, तसं इथेही केलं. तांदळाची २५ किलोची ३ पोती रात्रभर कपाटात ठेवली. आई म्हणाली, “तांदूळ ठेवायले केलं का कपाट?” सकाळी सगळं जागच्या जागी होतं, तेव्हाच तिचे डबे वर चढले.

निघताना कपाटाच्या कडेने भिंतीवर बारीक रेघ मारून ठेवली. रेघ आणि कपाट यांच्यात फट दिसली, की आईने डबे शेजारणीकडून उतरवून घ्यायचे आणि मला फोन करायचा, असं ठरलं आहे. बोल्ट मी दर दिवाळीला आले की तपासते.