दोऱ्याची लांबी

पृथ्वीगोलावर दोरा ताणून अंतर मोजायला आमच्या भूगोलाच्या सरांनी शिकवलं, ती सवय मला अजून आहे. नकाशावर पट्टीने आखलेली वाट जवळची वाटते, पण आपल्या उत्तर गोलार्धात गोलावर दोरा ताणला की तो उत्तरेकडे झुकतो आणि तीच सगळ्यात कमी अंतराची वाट ठरते.

आमच्या पिंपळगाव बसवंतच्या पोरांना विमान नवं नव्हतं. शेजारीच ओझर, तिथे १९६४ पासून एचएएलचा विमान कारखाना. द्राक्षबागेत काम करताना डोक्यावरून मिग जायचं आणि आवाजाच्या दिशेने मान वळवावी तोवर ते पार पुढे गेलेलं असायचं. वेग ओळखीचा होता. लांबचं जाणं मात्र लेकीमुळे घरात आलं. ती ॲमस्टरडॅमजवळ राहते.

मुंबई ते ॲमस्टरडॅम दोऱ्याने सुमारे ६,८५० किलोमीटर, थेट विमानाने साधारण नऊ तास. १९४८ साली एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं. आता मधे कुठे उतरावंच लागत नाही. येताना वेळ आणखी कमी लागतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लेकीला घराकडे आणताना वारा पाठीशी असतो, याचं मला फार अप्रूप आहे.

आमची द्राक्षंही तिच्याच देशात जातात. न्हावा शेवाहून कंटेनर रॉटरडॅमला पोचायला तीन-चार आठवडे लागतात. लेक नऊ तासांत, घड महिन्याभरात.

पण मुंबई-ॲमस्टरडॅमचा हा दोरा सिंध, इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन, पोलंड असा जातो, आणि तिथेच सगळं अडतं. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा ती अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली. समुद्रावरही तेच. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, म्हणून कितीतरी जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपवरून आफ्रिकेला वळसा घालून गेली. साधारण दोन आठवडे वाढले. पेटीत बुरशी रोखणारा ग्रेपगार्ड कागद असतो, कंटेनर थंड असतो, तरी इतक्या दिवसांत देठ वाळतो आणि मणी गळतात. कुठल्या कुठे पेटलेल्या भांडणाची झळ निफाड तालुक्यातल्या बागायतदाराला लागते, हे मला अजून सहन होत नाही.

लेक तिकीट काढते तेव्हा मी आता तास विचारत नाही, विमान कुठून जाणार ते विचारते. जानेवारीत निर्यातदारालाही तेच विचारते, सुएझ की केप? केप म्हणाला, तर ज्या प्लॉटचे देठ हिरवेगार आणि मणी कडक, त्याचीच खुडणी त्या कंटेनरसाठी. बाकीचा माल इथल्याच बाजारात.